आधी कोणी उठायचं?

तीर्थरूप काका आणि काकू यांना त्यांच्या एकुलत्या एका पुतण्याचा वाकून नमस्कार. (काकूंना जरा जास्त वाकून, कारण पाकीट त्याच फोडणार आणि त्यांची मर्जी असली तरच पत्र तुमच्या हाती पडणार.) काकूंची कंबर कशी आहे? तुमचा खोकला काय म्हणतो? मध्यंतरी तुम्ही दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाच औषध सुचवून आलात आणि त्यांनी ते मुकाट्याने लिहूनही घेतलं, असं कळलं. कुठून कळलं ते विचारू नका. बोलणं बंद असलेल्या दोन घरांमधल्या बातम्या बोलणाऱ्या घरांपेक्षा लवकर पोचतात. इकडे सगळे मजेत आहेत. मजेत म्हणजे बाबा सकाळी वर्तमानपत्रावर चिडतात, दुपारी पंख्यावर आणि संध्याकाळी माझ्यावर. आई मात्र सकाळीच सगळ्यांवर एकदम चिडून घेते आणि बाकीचा दिवस मोकळा ठेवते.

फोन सोडून पत्र का लिहिलं, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही, काकूंना पडेल, म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी तुमचं आणि बाबांचं फोनवर आजोबांच्या सायकलबद्दल बोलणं चाललं होतं. बाबा म्हणत होते काळी, तुम्ही म्हणत होता हिरवी, आणि ऐन रंगात लाइन तुटली. बाबांच्या मते फोन तुम्ही आपटलात. तुमच्या मते बाबांनी. आपल्या घराण्याचा नियम असा की ज्याने फोन तोडला त्याने परत करायचा. नियमात काही वावगं नाही, फक्त तुम्ही दोघांनीही तो फारच मनापासून पाळलात. (मधे एकदा आईने ट्रंक उपसून आजोबांचा सायकलसकट फोटो शोधून काढला. आम्ही सगळे हातातली कामं टाकून धावलो. फोटो कृष्णधवल आहे.) आता मी आमच्या घरातून तुम्हाला फोन केला तर तो बाबांच्या बाजूने केला असं धरलं जाईल, म्हणजे बाबा हरले, म्हणजे माझी धडगत नाही. मेसेज पाठवावा तर तुम्ही मोबाइल फक्त विजेरी म्हणून वापरता. म्हणून हे पत्र. मात्र त्या विषयावर मी यात एक अक्षरही लिहिणार नाही. मोठ्यांच्या भांडणात लहानांनी तोंड घालू नये, एवढं मला कळतं. बाबा रोज संध्याकाळी फोन उचलून कानाला लावतात, लाइन चालू असल्याची खात्री करतात आणि जपून खाली ठेवतात, एवढंच जाता जाता सांगितलं. आता तो विषय बंद.

लिहायचं आहे ते माझ्या नोकरीबद्दल. मी नक्की काय करतो असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. मी 'सिम्युलेशन' असं म्हणालो आणि तुम्ही 'बरं' म्हणून ताटातलं उरलेलं संपवलंत. मला तेव्हाच वाटलं होतं की नीट सांगायला हवं. तर काका, जी गोष्ट खरोखर करून बघणं महागाचं किंवा जिवावरचं असतं, तिची आम्ही कॉम्प्युटरमध्ये नक्कल करतो आणि नक्कल कशी वागते ते बघतो. इमारत पेटली तर आतली माणसं वेळेत बाहेर पडतील का, हे इमारत पेटवून बघता येत नाही (बघता आलं असतं तर आमच्या साहेबांनी तेही केलं असतं). म्हणून मी इमारत स्क्रीनवर आखतो, माणसांच्या जागी ठिपके ठेवतो, प्रत्येक ठिपक्याला चालण्याचा वेग देतो, आणि घंटा वाजवतो. ठिपके उठतात आणि जवळच्या जिन्याने निघतात. दिसायला फार सुंदर दिसतं. बाबा हयातभर विजेचे मीटर तपासत आले, त्यांना यात काही सुंदर दिसत नाही. एकदा माझ्या मागे उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यातल्या एकालाही चपला सापडत नाहीत असं होत नाही का रे?" मी म्हटलं, बाबा, सिद्धांतात चपला नसतात. ते म्हणाले, "मग सिद्धांत अनवाणी आहे तुमचा." आणि पंख्यावर चिडायला निघून गेले.

मी अजून कायम झालेलो नाही. पहिलं स्वतंत्र काम नीट पार पडलं तर कायम, नाही तर नारळ, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. ते पहिलं काम मिळालं एका नकाशांच्या कचेरीत. जुनी तीन मजली इमारत, दगडी भिंती, लाकडी जिने, आणि आत गावोगावचे, नद्यांचे, शेतांच्या हद्दींचे कागदी नकाशे छतापर्यंत रचलेले. म्हणजे आग लावायला हवी तेवढी सोय, विझवायला एक लाल बादली. (बादलीत छत्र्या ठेवतात.) अग्निशमन खात्याने त्यांना कळवलं होतं की घंटा वाजल्यापासून पाच मिनिटांत सगळी माणसं अंगणात दिसली पाहिजेत, नाही तर वरचे दोन मजले बंद. मजले बंद झाले तर कचेरी शहराबाहेरच्या एका गोदामात जाणार, आणि तिथल्या निम्म्या लोकांचं वय असं की त्या गोदामात जाण्यापेक्षा ते घरी बसतील.

मी इमारतीचे आराखडे मागवले, ठिपके पेरले, घंटा वाजवली. साडेतीन मिनिटांत अंगण भरलं. पुन्हा वाजवली, पुन्हा साडेतीन. जाडे ठिपके घातले, म्हातारे ठिपके घातले, एक मुद्दाम लंगडा घातला, तरी चारच्या वर जाईना. आमच्या शास्त्राच्या जाड्या पुस्तकात लिहिलंय की घंटा ऐकल्यावर माणूस अर्ध्या मिनिटात जागचा उठतो. मी उदार मनाने पाऊण मिनिट धरलं होतं. अहवाल लिहिला, त्यात रंगीत आलेख घातले, साहेबांनी पाठ थोपटली. मी घरी आईला सांगितलं की मी कायम झाल्यातच जमा आहे. आईने गोड केलं. बाबांनी खाल्लं, पण 'खऱ्या माणसांवर लावून बघितलंस का' असं विचारून चव घालवली.

खऱ्या माणसांवर लावायचा दिवस म्हणजे सराव. मी अंगणात स्टॉपवॉच घेऊन उभा. शेजारी अग्निशमनचे साहेब, मिशीला पीळ, हातात पाटी. घंटा वाजली. काय सांगू काका, इतकी कर्कश घंटा की समोरच्या झाडावरची सगळी पाखरं उडाली. इमारतीतून मात्र कुणी आलं नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. मग दारातून एक गृहस्थ जिवाच्या आकांताने बाहेर आला, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला. तो कचेरीतला नव्हताच, आपल्या शेताचा नकाशा घ्यायला आलेला होता. (त्याचा नकाशा अजून तिथेच आहे.) पाच मिनिटं उलटली, सात उलटली. साहेबांनी मला विचारलं, "आत माणसं आहेत ना?" मलाही शंका यायला लागली होती. मी धावत वर गेलो. म्हणजे पहा, सगळ्यांनी बाहेर यायचं ठरलेलं, आणि अख्ख्या इमारतीत हालचाल करणारा एकटा मी, तोही आत जाणारा.

तिसऱ्या मजल्यावर सगळे आपापल्या जागी बसलेले होते. कानात बोटं घालून, पण बसलेले. आणि सगळ्यांची नजर एका टेबलाकडे. त्या टेबलाशी कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या बाई बसतात. त्यांना सगळे 'थोरल्या बाई' म्हणतात. पांढरेशुभ्र केस, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, समोर भला मोठा नकाशा. त्या शांतपणे नकाशा बघत होत्या. मी शिक्के मारणाऱ्या गृहस्थांच्या कानाशी ओरडलो की अहो, उठा! ते दचकून म्हणाले, "बाई बसल्यात ना अजून!" खालच्या मजल्यांवर गेलो तर तिथे निराळी तऱ्हा. वरच्यांची पावलं जिन्यावर वाजली की खालचे उठतात, ही तिथली रीत. पावलं वाजली नाहीत म्हणून तेही बसून. सारी इमारत एका बाईंच्या खुर्चीला बांधलेली होती, आणि माझ्या मॉडेलात खुर्च्या होत्या पण बाई नव्हत्या. साहेबांनी पाटीवर काही तरी लिहिलं आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन निघून गेले.

त्या दिवशी मी घरी येऊन न जेवता झोपलो. दुसऱ्या दिवशी उठून मॉडेलात सुधारणा केली. तिसऱ्या मजल्यावर एक मोठा ठिपका ठेवला, आणि नियम घातला की मोठा ठिपका उठल्याखेरीज एकही धाकटा ठिपका हलणार नाही. घंटा वाजवली. काहीच हललं नाही. आमचे साहेब मागून आले, त्यांना वाटलं कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. मी सांगत होतो की साहेब, हे चाललंय, हे असंच चालतं, पण ते ऐकायला तयार नव्हते. आता प्रश्न एवढाच उरला होता की मोठा ठिपका कधी उठतो. ते काही आराखड्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी एक दिवस त्या मजल्यावर कोपऱ्यात स्टूल घेऊन बसलो.

काका, इतकी वाईट संध्याकाळ मी बघितलेली नाही. सुटायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. शिक्केवाल्यांनी शिक्के आडव्या ओळीत मांडले, मोडले आणि उभ्या ओळीत मांडले. एकाने पेन्सिलीला इतकं टोक केलं की पेन्सिलच संपली. एक बाई केव्हाची बंद झालेली फाइल चाळत होत्या. थोरल्या बाईंच्या समोर नकाशा होता खरा, पण मी मान वाकडी करून पाहिलं तर तो उलटा होता, नदी डोंगरावर चढत होती. शेवटी झाडणारी बाई केरसुणी घेऊन आली, खुर्च्या सरकवायला लागली, आणि मग सगळे 'अगं बाई, किती वाजले' असं म्हणत एकदम उठले. (रोज म्हणतात.) जिन्यात मी शिक्केवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, कामं केव्हाच उरकतात हो, पण बाई मान खाली घालून बसलेल्या असताना आपण पिशवी उचलायची, हे बरं दिसतं का?

मग मी फाटकाशी थोरल्या बाईंना गाठलं. म्हटलं, बाई, रोज एवढं काम असतं का? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काम कसलं हो! चार वाजताच संपतं. पण ही पोरं बसलेली असतात ना राबत. त्यांच्या आधी मी उठले तर काय म्हणतील?" पोरं म्हणजे, काका, त्यातला सगळ्यांत कोवळा पोरगा चाळिशीचा आहे आणि शिक्केवाल्यांना नातू आहे. मी फाटकाला धरून उभा राहिलो. वर्षानुवर्षं त्या यांच्यासाठी थांबत होत्या आणि हे त्यांच्यासाठी. कुणाचं काही चुकत नव्हतं, प्रत्येक जण दुसऱ्याचा मान राखत होता, आणि सगळे मिळून रोज अंधार पडल्यावर घरी जात होते.

आमच्या शास्त्रात याला गाठ म्हणतात. हा त्याच्यासाठी थांबला, तो याच्यासाठी थांबला, आणि दोघांना वाटतं की आपण वाट बघतोय. पुस्तकात तिच्यावर एक अख्खा धडा आहे, परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. बाहेरून कुणी तरी सोडवल्याशिवाय ही गाठ सुटत नाही, असं त्या धड्यात शेवटी लिहिलंय. (हे मी निव्वळ नकाशांच्या कचेरीबद्दल लिहितो आहे. कुणी उगाच अंगाला लावून घेऊ नये.)

मला एवढा आनंद झाला होता की मी विचार न करता दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना एका खोलीत जमवलं आणि भिंतीवर पडदा लावून दाखवलं. हा मोठा ठिपका धाकट्यांसाठी थांबलाय. हे धाकटे मोठ्यासाठी थांबलेत. ही घंटा. ही आग. आणि हे बघा, कुणी हलत नाही. मला वाटलं, टाळ्या पडतील. शिक्केवाले जमिनीकडे बघत होते. थोरल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्यावरच्या मोठ्या ठिपक्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सगळे माझ्यासाठी बसत होता?" मग त्या म्हणाल्या, "आमचे हे रोज खिडकीत उभे असायचे हो. मी म्हणायची, पोरं बसलेली असतात, कशी येऊ? ते म्हणायचे, जरा एक दिवस लवकर ये. गेले ते दोन वर्षांखाली." आणि एवढं बोलून त्या हसल्या, कुणी अवघडू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं, काका. असं वाटलं की पडदा गुंडाळावा आणि नोकरी सोडून द्यावी. चुकीचं दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्यांनी मला सोडून जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, झालं ते झालं, आता पोरांना वाचवायचं कसं ते सांगा. मी सांगितलं, सोपं आहे, घंटा झाली की तुम्ही आधी उठायचं. आमचा आमचाच सराव घेतला. घंटा झाली, बाई ताडकन उठल्या. पण बाकीच्यांनीही मनाशी ठरवलं होतं की आता बाईंना अडकवायचं नाही, म्हणून तेही त्याच क्षणी उठले, आणि सगळे त्या मजल्याच्या दाराशी एकत्र पोचले. तिथे बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही." शिक्केवाले म्हणाले, "छे, बाई, आधी तुम्ही, तुमचे गुडघे." बाई म्हणाल्या, "पोरांना मागे टाकून मी जाणार नाही." तेवढ्यात काय झालं ते बघायला खालच्या मजल्यावरचे वर आले. (खाली जायच्या सरावात माणसं वर चढली, हे जगात प्रथमच घडलं असावं.) नऊ मिनिटं लागली, आणि ती संपली तेव्हाही दोघं जण उंबऱ्यावर 'तुम्ही, तुम्ही' करत होतेच. माझ्या पुस्तकात दाराची रुंदी मोजायला शिकवलंय. दारात उभं राहून आग्रह करणाऱ्यांची रुंदी कशी मोजायची ते नाही.

मुदत संपत आली. घरी मी हात धुऊन बसलो. (नोकरीवरून हात धुऊन, जेवायला नव्हे.) त्या सुमारास बाबांनी मला पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, की तुझ्या त्या बाईंचं काय झालं? मी सगळं सांगितलं, खिडकीतल्या त्यांच्या यजमानांपर्यंत. बाबा चिडले नाहीत. उठून फोनची वायर सरळ करत बसले. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण तो विषय आपण बंद केलेला आहे.

शेवटी तोड बाईंच्या गुडघ्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की मला आता जिने झेपत नाहीत, माझं टेबल खाली दाराशेजारी लावा. टेबल खाली गेलं. माझ्या हिशेबाने याने काही फरक पडायचा नव्हता, फार तर वरचे लोक आता कुणासाठी थांबायचं ते न कळून आणखी गोंधळले असते. मॉडेलने सहा मिनिटं सांगितली. मी आमच्या साहेबांना तसं कळवून राजीनाम्याचा मजकूरही मनात जुळवला. मिशीवाले साहेब आले, पाटी काढली, घंटा वाजली. आणि काका, तो जिना गडगडला! शिक्केवाले पुढे, नातू असलेला माणूस, दोन-दोन पायऱ्या एकदम, मागे सगळा तिसरा मजला, त्यांची पावलं ऐकून दुसरा, मग पहिला. मला वाटलं खरोखरच आग लागली. अडीच मिनिटांत अंगण भरलं, आणि कुणीही फाटकाकडे गेलं नाही. सगळे जण आधी दाराशेजारच्या टेबलाकडे धावले आणि मग अंगणात दारासमोर गोळा झाले. शिक्केवाले धापा टाकत विचारत होते, "बाई सुटल्या ना? बाई सुटल्या ना?" बाई दारातच उभ्या होत्या, पिशवी खांद्याला लावून, आणि जिन्याकडे बघत एकेक तोंड मोजत होत्या.

माझे ठिपके दाराकडे पळतात, काका. माणसं आपल्या माणसाकडे पळतात आणि वाटेत दार लागतं. हे कुठल्या सूत्रात घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही. कचेरीचे मजले वाचले. आमच्या साहेबांनी अहवालात 'मॉडेलने वर्तवल्याप्रमाणे' असं वाक्य घातलं, मी खोडलं, त्यांनी पुन्हा घातलं, आणि मला कायम केलं. थोरल्या बाई आता चार वाजता उठतात. वर पोरांना कळावं म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने सांगतात की मी निघाले रे. मी एकदा मुद्दाम ती वेळ गाठून फाटकाशी उभा राहिलो होतो. उजेड होता तरी त्या घाईने चालत होत्या.

असं हे सगळं. पत्र लांबलं, राग मानू नका. घरातल्या मोठ्यांना नमस्कार. तुमच्याकडे तुमच्याहून मोठं कुणी नाही, तेव्हा तो तुम्हीच दोघांनी वाटून घ्या. लहानांना आशीर्वाद पाठवायची पद्धत आहे, पण आपल्या दोन्ही घरांत मिळून लहान मी एकटाच, म्हणून ते तिकडून इकडे पाठवावेत.

तुमचा,
ठिपकेवाला पुतण्या

ता. क. नोकरीची हकीगत सांगायला पत्र लिहिलं हे तितकंसं खरं नाही. बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण डॉक्टर म्हणजे तरी सिद्धांतच. तुम्हाला कळवायचं नाही असं बाबांनी मला बजावलं आहे. सोमवारी बजावलं, मंगळवारी बजावलं, आज सकाळी तर दाढी अर्धवट ठेवून बाहेर येऊन बजावलं. एखादी गोष्ट करू नको म्हणून माणूस इतक्या वेळा सांगायला लागला की ती करून टाकावी, असं मला वाटलं. तुम्ही यावं. फोन कुणी करायचा तो वाद आपण नंतर हवा तेवढा घालू. बाबा घाबरलेत, काका. मला ते सांगत नाहीत, पण रात्री आईला दिवा मालवू देत नाहीत.

ता. क. दुसरा. हे पत्र मी माझ्या मनाने पाठवत आहे. बाबांना यातलं काहीही माहीत नाही. तुम्ही आलात तर सहज या बाजूला काम निघालं होतं असं सांगावं, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि माझाही जीव.

ता. क. तिसरा. दुसरा ता. क. रद्द समजावा. मी पाकिटाला लावायचं तिकीट आणायला गेलो होतो, पत्र टेबलावर उघडं राहिलं. परत आलो तर बाबा चष्मा लावून शेवटच्या पानावर पोचले होते. मला वाटलं, आता हे फाडणार. त्यांनी माझ्याकडे न बघता पेन मागितलं. खालचं अक्षर माझं नाही, ते तुम्ही ओळखालच.

बुधवारी सकाळी सातच्या आत पोच. सातला मला आत नेतात, मग बोलता येणार नाही. फोन करत बसू नकोस. ये.
— दादा